गशर (तेलविहिरीचा उद्रेक)

गशर : खनिज तेलासाठी खोदलेल्या ज्या विहिरीतून तेल, नैसर्गिक वायू, पाणी व वाळू यांचे मिश्रण भूगर्भातील दाबामुळे पंपाच्या साहाय्याशिवाय जोराने उसळून हवेत उंच उडते, तिला इंग्रजीत ‘गशर’ म्हणतात. विहिरीतून उडणाऱ्या तेलाच्या स्तंभालाही हीच संज्ञा लावतात. पंपाविना वाहणारी प्रत्येक विहीर मात्र गशर नव्हे. पुष्कळ विहिरींतील तेल प्रारंभीच्या काळात नैसर्गिक दाबाने आपोआप वर येते, पण ते झडपांमधून व नळांमधून माणसाच्या इच्छेप्रमाणे कमीजास्त करता येते. प्रवाहावरील ताबा सुटणे हे गशरचे मुख्य लक्षण होय. याच घटनेला तंत्रविद्येच्या आधुनिक परिभाषेत ‘ब्लोआउट’ म्हणजे विहिरीचा उद्रेक म्हणतात. एकाच घटनेला ही दोन नावे का पडली, या प्रश्नाच्या उत्तरात तेल उद्योगाचा जवळजवळ सर्व इतिहास सामावलेला आहे.

व्युत्पत्ती : ‘गशर’ हे ‘गश्’ या इंग्रजी क्रियापदापासून झालेले कर्तृवाचक नाम आहे. ‘गश्’ म्हणजे द्रव पदार्थाने एकदम व भरपूर प्रमाणात बाहेर पडणे. हे क्रियापद मध्ययुगीन इंग्रजीत आढळते. त्याचे मूळ निश्चित नसले, तरी ते ध्वन्यनुकारी असावे किंवा स्कँडिनेव्हियन भाषांतील सदृश शब्दांशी निगडित असावे, असे मानतात. आइसलँडमधील उष्णोदकाच्या प्रसिद्ध कारंज्याचे ‘गेसिर’ हे नाव उसळणे या अर्थाच्या प्राचीन नॉर्स धातूपासून आले असून त्यावरूनच ‘गायझर’ ही भूविज्ञानातील संज्ञा रूढ झाली. ‘गश्’ हा त्याच कुळातील शब्द असण्याचा संभव आहे.

‘गशर’ हा शब्द प्रथम तेलाला लावला गेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अतिरेकी भावनाप्रदर्शन करणाऱ्या, बोलताना वाहवत जाणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत किंचित उपहासाने ‘गशर’ म्हणत. आपोआप तेल उसळणाऱ्या विहिरीसाठी तो शब्द अमेरिकेत त्याच शतकाच्या नवव्या दशकात रूढ झाला. तत्पूर्वी अशा विहिरींना नुसत्या ‘वाहत्या विहिरी’ किंवा ‘पिचकारी मारणाऱ्या’ अशा अर्थाच्या शब्दांनी ओळखत.

रशियनमध्ये याच अर्थी ‘फोंतान’ म्हणजे कारंजे हा लॅटिन कुळातील शब्द वापरतात. बाकूच्या तेलक्षेत्रामुळे तो सर्वत्र परिचित झाला. फार्सीत विहिरीच्या उद्रेकाला ‘फवरान’ म्हणतात. उकळणे, उसळणे या अर्थाच्या ज्या अरबी धातूपासून हा शब्द झाला, त्याच धातूपासून झालेला ‘फव्वारा’ हा शब्द मराठीत ‘फवारा’ या रूपाने आला आहे.

मराठी प्रतिशब्द : गशरसाठी मराठीत एकच एक शब्द रूढ झालेला नाही. प्रसंगानुसार ‘तेलाचे कारंजे’, ‘तेलविहिरीचा उद्रेक’ किंवा मूळ शब्दच देवनागरीत लिहिण्याची पद्धत आहे. या प्रत्येक शब्दाची अर्थच्छटा निराळी आहे. ‘फवारा’ हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने जवळचा असला, तरी मराठीत त्याचा अर्थ सूक्ष्म तुषारांपुरता संकुचित झाला असून पिकांवरील ‘फवारणी’ हे त्याचे नेहमीचे रूप होय. तेलाच्या जाड व प्रचंड स्तंभाला तो शोभत नाही. ‘कारंजे’ हा शब्द कन्नडमध्येही ‘कारंजि’ या रूपात आढळतो. त्यातून उंच उडणाऱ्या स्तंभाचे चित्र नेमके उभे राहते. परंतु कारंजे ही उद्यानातील, हौसेने उभारलेली व हवी तेव्हा बंद करता येणारी गोष्ट असल्याने घटनेची भीषणता त्या शब्दात येत नाही. ‘उद्रेक’ हा संस्कृत शब्द ‘उत्’ हा उपसर्ग व ‘रिच्’ हा धातू यांपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ आधिक्य, प्रमाणाबाहेर वाढणे असा आहे. आयुर्वेदात दोषाचा उद्रेक म्हणतात तो याच अर्थाने. ज्वालामुखीच्या संदर्भात तो पुढे वापरात आला. भूगर्भातील दाब विहिरीतील प्रतिदाबापेक्षा अधिक होणे हेच या घटनेचे कारण असल्याने ‘उद्रेक’ हा शब्द कारणाच्या दृष्टीने सर्वांत यथार्थ ठरतो.

बोलीतील शब्दही या संदर्भात लक्षणीय आहेत. कोकणात व घाटावर विहीर खणताना ‘पाणी लागले’, ‘झरा फुटला’ असे म्हणतात. त्याच धर्तीवर ‘तेल लागले’ हा प्रयोग मराठीत सहज रुळला. तळातून वर येणाऱ्या पाण्याच्या उसळीला ‘उमाळा’ म्हणतात आणि मायेचा किंवा दुःखाचाही उमाळा येतो. इंग्रजीतील ‘गश्’ या शब्दाप्रमाणे जमिनीतील द्रव आणि मनातील भावना या दोहोंना एकच शब्द लावण्याची ही रीत मराठीतही स्वतंत्रपणे आढळते.

उद्रेकाचे कारण : कर्जतनजीकच्या भिसेगावसारख्या ठिकाणी विहीर खणली, तर माती व मुरूम यांच्याखाली काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट लागतो. त्याच्या भेगांमधून झिरपलेले पाणी विहिरीत साठते आणि ते काढण्यासाठी रहाट किंवा पंप लागतो. कारण हे पाणी वरच्या हवेशी जोडलेले असून त्यावर वेगळा कोंडलेला दाब नसतो. तेलाची स्थिती निराळी असते. चुनखडक किंवा वालुकाश्म यांसारख्या सच्छिद्र खडकातील सूक्ष्म पोकळ्यांत तेल, वायू व खारे पाणी साठलेले असते आणि त्यावर शेलसारख्या अपार्य खडकाचे झाकण असते. खालील पाण्याचा रेटा, वर साठलेला वायू व तेलात विरघळलेला वायू या सर्वांचा दाब या बंदिस्त साठ्यात टिकून राहतो.

पाण्याचा दाब दर १० मी. खोलीस सु. १ वातावरण इतका वाढतो. म्हणजे १,००० मी. खोलीवरील खडकातील द्रवांवर सर्वसाधारणपणे हवेच्या दाबाच्या सु. १०० पट दाब असतो आणि काही स्तरांत तो याहूनही बराच अधिक आढळतो. वेधनामुळे झाकणाचा खडक भेदला गेला व विहिरीतील स्तंभाचा भार अपुरा पडला, की द्रव विहिरीत शिरू लागतात. त्यांत वायू असल्यास धोका वाढतो. दाब निम्मा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. त्यामुळे पाण्याच्या स्तंभातून १,००० मी. खोलीवरून निघालेला वायूचा बुडबुडा सु. ५०० मी. वर चढेपर्यंत केवळ दुप्पट होतो. परंतु अखेरच्या १० मीटरांतही तो तितक्याच पटीने फुगतो. प्रारंभी मंद वाटणारी हालचाल तोंडाशी येता येता स्फोटक रूप घेते ती यामुळे. फुगणारा वायू वरचा द्रव बाहेर फेकतो, त्यामुळे स्तंभ आणखी हलका होतो आणि प्रवाह अधिकच वेगाने वाढतो. बाहेर पडणारी वाळू व दगड लोखंडावर आपटून ठिणगी उडाली, तर आग लागते.

इतिहास : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांनी २७ ऑगस्ट १८५९ रोजी ज्या विहिरीत तेल मिळविले, ती जेमतेम २१ मी. खोल होती आणि तिच्यातील तेल पंपाने उपसावे लागे. त्याच प्रदेशात एप्रिल १८६१ मध्ये एका विहिरीतून तेल व वायू एकदम उसळले. जवळच्या ज्योतीने वायू पेटून झालेल्या आगीत व्यवसायातील एक अग्रणी हेन्री रूझ यांच्यासह १९ जणांचा मृत्यू झाला. गशर हा शब्द रूढ होण्यापूर्वीच त्याने बळी घेतले होते.

कास्पियन समुद्रकाठच्या बाकू येथील बालाखनी क्षेत्रात १८८३ मध्ये ‘द्रुझ्बा’ या विहिरीचे कारंजे उसळले. तेल साठविण्यास हौद नसल्याने त्याचा मोठा भाग वाया गेला व आसपासच्या मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मालकांना करावी लागली. भाग्य व दिवाळे या विहिरीने एकाच वेळी आणले.

गशर हा शब्द जगभर नेला तो टेक्सस राज्यातील बोमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप या टेकडीने. अँटनी लूकस यांच्या देखरेखीखाली खोदल्या जाणाऱ्या विहिरीतून १० जानेवारी १९०१ रोजी सु. ३५० मी. खोलीवरून तेल उसळले. स्तंभाची उंची ४५ मी. हून अधिक होती व दररोज सु. १ लाख पिंपे (१ पिंप = सु. १५९ लि.) तेल बाहेर पडत होते. विहीर ताब्यात येण्यास नऊ दिवस लागले. तिच्या छायाचित्रामुळे लाकडी मनोऱ्यावरून उडणारे काळे कारंजे हे तेलसंपत्तीचे प्रतीक बनले. तथापि त्या लहान टेकडीवर शेकडो विहिरी दाटीवाटीने खोदल्या गेल्याने साठ्याचा दाब झपाट्याने उतरला आणि तीन वर्षांतच उत्पादन फार घटले.

कॅलिफोर्नियातील लेकव्ह्यू ही विहीर मार्च १९१० मध्ये उफाळली व सप्टेंबर १९११ पर्यंत वाहत राहिली. या सु. १८ महिन्यांत तिच्यातून सु. ९० लाख पिंपे तेल बाहेर पडले. वाळूच्या पोत्यांचे बांध घालून ते अडविण्याचे प्रयत्न झाले, तरी निम्म्याहून अधिक तेल जमिनीत मुरले किंवा हवेत उडून गेले. इराकमधील किर्कूकजवळ बाबा गुर्गुर येथे ऑक्टोबर १९२७ मध्ये उसळलेल्या विहिरीतून दररोज सु. ९५,००० पिंपे तेल वाहत होते व ती बंद करण्यास सु. १० दिवस लागले. या ठिकाणी वायूच्या ज्वाला पुरातन काळापासून जळत असल्याने भूगर्भातील तेलाची जाण लोकांना फार पूर्वीच होती.

गशरमुळे होणारी हानी सांडलेल्या तेलापुरती मर्यादित नसते. खडकातील तेल विहिरीकडे ढकलण्याचे काम वायूचा दाबच करीत असतो. तो वायू निसटून गेला की मागे राहिलेले तेल खडकाच्या छिद्रांत अडकून पडते. म्हणजे पहिल्या काही दिवसांच्या विपुलतेची किंमत साठ्याच्या पुढील आयुष्याने चुकवावी लागते. हे ध्यानात आल्यावर गशरकडे पाहण्याची तज्ञांची दृष्टी बदलली.

नियंत्रण : विहिरीत वेधननळातून सतत चिखल खेळविणे हा उद्रेक टाळण्याचा पहिला उपाय होय. बेंटोनाइट माती व पाणी यांच्या या मिश्रणात बराइट या जड खनिजाची पूड घालून त्याची घनता वाढवितात. चिखलाच्या स्तंभाचा भार खडकातील दाबाहून किंचित अधिक ठेवावा लागतो. तो फार कमी झाल्यास द्रव विहिरीत घुसतात व फार अधिक झाल्यास खडकास तडे जाऊन चिखलच नाहीसा होतो. परत येणाऱ्या चिखलाचे प्रमाण अकारण वाढणे, ही आत द्रव शिरल्याची पहिली खूण असते. विहिरीवरील कामगारांची दक्षता या खुणेवर केंद्रित झालेली असते. विहिरीच्या भिंतीस आतून पोलादी नळ बसवून तो सिमेंटने पक्का करणे, हा दुसरा उपाय होय.

तिसरा उपाय म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसविलेले उद्रेक-प्रतिबंधक यंत्र. जेम्स ॲबरक्रॉम्बी व हॅरी कॅमेरॉन यांनी टेक्ससमधील ह्यूस्टन येथे १९२२ मध्ये त्याचा आराखडा तयार केला व १९२६ मध्ये त्याचे एकस्व त्यांना मिळाले. यात पोलादी दट्टे दोन्ही बाजूंनी सरकून वेधननळाभोवतीची जागा घट्ट बंद करतात. पुढील काळातील यंत्रांत गरज पडल्यास नळच कापून विहीर मिटविणाऱ्या पात्यांचीही सोय केलेली असते. एवढे करूनही उद्रेक झालाच, तर पेटलेल्या विहिरीवर पाण्याचा मारा करून तोंडावर नवे झाकण बसवितात किंवा सुरक्षित अंतरावरून दुसरी तिरपी विहीर खोदून तीतून मूळ विहिरीच्या तळाशी जड चिखल व सिमेंट सोडतात. कुवेतमध्ये १९९१ च्या युद्धात पेटविण्यात आलेल्या ६०० हून अधिक विहिरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत विझविण्यात आल्या. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या वेधन-तरांड्यावर झालेल्या उद्रेकात मात्र प्रतिबंधक यंत्र असूनही ते विहीर मिटवू शकले नाही. त्यात ११ कामगार मृत्युमुखी पडले व तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिले.

भारत व महाराष्ट्र : भारतातील तेल उद्योगाचा प्रारंभ आसाममधील दिग्बोई येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. गुजरातमधील अंकलेश्वर येथे १९६० मध्ये तेल लागल्यावर पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्या क्षेत्राचा समृद्धीचे कारंजे म्हणून गौरव केला आणि तेथील पहिल्या विहिरीस ‘वसुधारा’ म्हणजे संपत्तीची धारा असे नाव दिले. गशर या शब्दामागील शुभ कल्पना येथे भारतीय रूपात दिसते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे तेलक्षेत्र म्हणजे मुंबईच्या वायव्येस सु. १६० किमी. वर अरबी समुद्रात असलेले बॉम्बे हाय. यातील ‘हाय’ म्हणजे समुद्रतळाखालील खडकांचा उंचवटा. कर्जत, खालापूर भागात डोंगर व जमीन ज्यांची बनलेली आहे, तोच दख्खनचा लाव्हा समुद्राखाली खोल गेलेला असून या क्षेत्राच्या पायात प्राचीन ग्रॅनाइटी खडकांबरोबर तोही आढळतो. त्याच्यावर नंतरच्या काळात साचलेल्या चुनखडकाच्या थरांत तेल साठले आहे. रायगडच्या अंतर्भागात लाव्ह्याच्या वर असे थर नाहीत. भिसेगावच्या विहिरीस पाणी लागते व त्याच खडकाच्या समुद्राखालील विस्तारावर तेल लागते, याचे कारण हेच होय.

‘सागर सम्राट’ या वेधन-तरांड्यावरून खोदलेल्या विहिरीस फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले व मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. या शोधाच्या वेळी आकाशात काळे कारंजे उडाले नाही. चाचणीच्या वेळी मोजूनमापून तेल वर घेण्यात आले. समुद्राखालील नळांतून १९७८ पासून तेल व वायू रायगड जिल्ह्यातील उरण येथे येऊ लागले. तेथून तेल तुर्भे (ट्रॉम्बे) येथील परिष्करण कारखान्यांकडे जाते. अलिबागजवळील थळ येथील खत कारखाना या क्षेत्रातील वायूच्या आधारे उभा राहिला. रायगडच्या रहिवाशांना तेलविहीर दिसत नाही, परंतु तिचे उत्पन्न त्यांच्या जिल्ह्यातूनच पुढे जाते.

बॉम्बे हायच्या क्षेत्रात ३० जुलै १९८२ रोजी ‘सागर विकास’ या तरांड्यावर काम चालू असताना विहिरीचा उद्रेक होऊन आग लागली. भारताच्या सागरी तेल उद्योगातील हा पहिला गंभीर धडा होता. याच क्षेत्रात २७ जुलै २००५ रोजी लागलेल्या व २२ जणांचा बळी घेणाऱ्या आगीचे स्वरूप निराळे होते. एक जहाज उत्पादन-मंचावर आदळून तेथील वायुवाहक नळ फुटल्यामुळे ती आग लागली. तिला उद्रेक म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नव्हे, कारण दोष विहिरीच्या दाबनियंत्रणात नव्हता.

जमिनीवरील दोन घटना विशेष उल्लेखनीय आहेत. आंध्र प्रदेशातील त्या वेळच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात पासरलापुडी येथे ८ जानेवारी १९९५ रोजी वायुविहिरीचा उद्रेक होऊन ती ६५ दिवस जळत होती. आसाममधील तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथील पाचव्या क्रमांकाच्या विहिरीतून २७ मे २०२० पासून वायू व हलके तेल उसळू लागले. ९ जून रोजी विहीर पेटली व दोन अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. भोवतालच्या गावांतील हजारो लोकांना घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. जवळच्या मागुरी-मोटापुंग या पाणथळ प्रदेशावरही दुष्परिणाम झाला. विहीर पूर्णपणे ताब्यात येण्यास १५ नोव्हेंबर २०२० पर्यंतचा काळ लागला.

अर्थातील बदल : ‘गशर’ व ‘ब्लोआउट’ या दोन्ही शब्दांनी दाखविलेली भौतिक घटना एकच आहे. पहिला शब्द मिळणाऱ्या तेलाकडे पाहून योजलेला आहे, तर दुसरा सुटलेल्या ताब्याकडे पाहून. दाब आधी मोजण्याची व विहीर मिटविण्याची साधने नव्हती, तोवर साठा सापडल्याचा सर्वांत ठळक पुरावा कारंजेच देई आणि म्हणून ते भाग्याचे लक्षण मानले जाई. ही साधने हाती आल्यावर तेच कारंजे हलगर्जीपणाचे किंवा अपयशाचे चिन्ह ठरले. इंग्रजीत ‘गशर’ हा शब्द आता मुख्यतः जुन्या विहिरींच्या वर्णनात आणि अचानक लाभलेल्या मोठ्या धनाच्या लाक्षणिक अर्थाने उरला आहे.

मराठी लेखनातही हा भेद पाळणे इष्ट होय. बाकू किंवा स्पिंडलटॉप यांच्या ऐतिहासिक वर्णनात ‘तेलाचे कारंजे’ हा शब्दप्रयोग शोभतो. चालू काळातील दुर्घटनेस मात्र ‘विहिरीचा उद्रेक’ म्हणावे आणि नळ फुटून होणाऱ्या घटनेस ‘गळती’ म्हणावे. विहिरीच्या परिसरातील रहिवाशांना घर सोडावयाचे की नाही, हे ज्या सूचनेवरून ठरवावयाचे असते, तीत या तीन शब्दांची गल्लत होणे घातक ठरू शकते.